आमचा डंक गूगल मॅपवर सापडत नाही, सीझन तोंडावर आलाय, काय करू?

डंकवाला_पोरगा:
नमस्कार मंडळी. आईचा मिरची कांडपाचा डंक आहे, म्हणजे मिरची-मसाला कुटून द्यायची गिरणी, २२ वर्षं कोल्हापुरात मंगळवार पेठेत भाड्याच्या गाळ्यात होता, दिवाळीनंतर आम्ही राजारामपुरीत स्वतःच्या जागेत आलो. जुनी गिऱ्हाईकं फोन करून शोधत येतात पण नवीन माणूस येईना. मार्च ते मे याच तीन महिन्यांवर आमचं वर्ष निघतं. परवा एका काकींचा फोन आला, तुमच्या दुकानासमोर उभी आहे आणि कुलूप दिसतंय. त्या पेठेतल्या जुन्या गाळ्यापाशी होत्या, भर दुपारी, दोन पिशव्या मिरची आणि भाजलेला मसाला घेऊन. मॅपवर अजून जुनाच पत्ता आहे. मी डिसेंबरात नवीन लिस्टिंग, म्हणजे गूगलवर दुकानाची नोंद, काढलं ते तर दिसतच नाही, मिरची कांडप टाकलं की दुसरेच चार-पाच डंक येतात. काकींना गाडीवरनं जाऊन घेऊन आलो पण लई वाईट वाटलं.
त्यात एकजण येऊन गेला, महिन्याला ३ हजार द्या पहिल्या नंबरला आणतो म्हणाला, वर ५० रिव्ह्यू टाकून देतो. आई म्हणते देऊन टाक. देऊ का?

उद्यमनगरकर:
भावा पैसे अजिबात देऊ नको. गूगलनंच लिहून ठेवलंय की पैसे देऊन लोकल रँकिंग वाढत नाही. वर जाहिरात येते ती वेगळी, तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. खालची यादी तीन गोष्टींवर ठरते: माणसानं जे शोधलं त्याच्याशी तुझं दुकान किती जुळतंय, तो उभा आहे तिथनं किती लांब आहे, आणि दुकानाचं नाव किती आहे म्हणजे रिव्ह्यू, इतर साइटवरचे उल्लेख वगैरे. अंतर कुणाच्या हातात नाही. कसबा बावड्यात बसून शोधणाऱ्याला बावड्यातलाच डंक आधी दिसणार, म्हणजे प्रत्येकाची यादी वेगळी, मग हा माणूस पहिल्या नंबरला आणणार म्हणजे कुणाच्या मोबाईलवर?
तुझी खरी अडचण दोन लिस्टिंगची आहे. जागा बदलली की नवीन काढायचं नसतं, जुन्याचाच पत्ता बदलायचा, म्हणजे रिव्ह्यू तिथंच राहतात. आधी बघ जुनं कुणाच्या ईमेलवर आहे. घरातल्या कुणाच्या असेल तर उत्तम, नाहीतर मालकी मागायची रिक्वेस्ट टाक, समोरच्याला उत्तर द्यायला ३ दिवस असतात. ते हातात आलं की पत्ता बदल, पिन बोटानं सरकवून बरोबर आपल्या दारावर आण, नुसती गल्ली नको. मग नवीन काढलेलं काढून टाक. पत्ता बदलल्यावर परत व्हेरिफाय करायला, म्हणजे दुकान खरंच तिथं आणि तुझंच आहे हे दाखवायला सांगतील, बहुतेक व्हिडिओ मागतील. तो एकसलग काढायचा, मध्ये कट नाही, किमान ३० सेकंद. रस्ता आणि आजूबाजूची दुकानं दाखव, मग पाटी, कुलूप स्वतःच्या हातानं उघडताना दाखव, आत डंक चालू करून दाखव.
आणि एक सांग, नवीन लिस्टिंगला कॅटेगरी काय टाकलीयस?

डंकवाला_पोरगा:
किराणा. चटणी, हळद विकतो पण आम्ही, म्हणून तेच निवडलं.

उद्यमनगरकर:
मग कांडप शोधणाऱ्याला कसा दिसशील? मुख्य कॅटेगरी गिरणीची ठेव. दुकान मुळात जे आहे ते मुख्य, जे जोडीला विकता ते जादाच्या कॅटेगरीत, तिथं ९ पर्यंत टाकता येतात. खाली सेवांच्या यादीत आपल्या शब्दात लिहिता येतं: मिरची कांडप, गरम मसाला, हळद, शिकेकाई, जे जे करता ते सगळं.

बावड्याची_ताई:
दादा त्या माणसाच्या नादाला लागू नका, कळकळीनं सांगते. माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, दोन वर्षांमागं असाच एकजण आलेला. त्यानं दुकानाच्या नावापुढं बेस्ट ब्लाऊज फॅशन डिझायनर कोल्हापूर असं काय काय जोडलं. पाटीवर जे आहे तेच नाव ठेवायचा नियम आहे हे मला कुठं माहीत. ऐन गौरी-गणपतीच्या आधी लिस्टिंग सस्पेंड, आणि सगळं त्याच्या ईमेलवर, तो फोन उचलेना. शॉप ॲक्टचा कागद, लाईट बिल, पाटीचा फोटो असं सगळं जोडून अपील केलं तेव्हा परत मिळालं, पण तोवर सण संपला होता आणि माझ्या हाताखालच्या दोन बायकांना काम देता आलं नाही.
त्यामुळं लिस्टिंग आईच्या नाहीतर तुमच्या ईमेलवरच ठेवा. विकतचे रिव्ह्यू तर नकोच, आणि रिव्ह्यू दिला तर पैसे कमी करतो असं पण म्हणायचं नाही, तेही नियमात बसत नाही. नुसतं तोंडानं मागा. प्रोफाईलमध्ये रिव्ह्यूचा क्यूआर कोड मिळतो, तो छापून जिथं बायका नंबर लावून बसतात तिथं चिकटवा, चटणी होईपर्यंत त्या बसूनच असतात. कुणी तक्रार लिहिली तरी शांतपणे उत्तर द्या, नवीन माणूस आधी तेच वाचतो.

पुण्यातला_कोल्हापुरी:
मी गिऱ्हाईक म्हणून लिहितो. दर मे महिन्यात गावी आलो की वर्षाची चटणी करून नेतो, ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला. डंक शोधताना मी इंग्रजी अक्षरात मिरची कांडप टाकतो, बायको मसाला कांडप म्हणते, ती साताऱ्याची. मला तिथं तीनच गोष्टी बघायच्या असतात: आज चालू आहे का, मसाला भाजून मिळतो का घरनं भाजून आणायचा, आणि कांदा-लसूण घालून तिथंच कांडून देतात का. एकाही डंकाच्या लिस्टिंगवर हे लिहिलेलं नसतं, देवाच्या फोटोवर काम भागवतात. तुम्ही हे लिहाच. फोटो पण खरे टाका, लोखंडी मुसळं वरखाली होतायत आणि खाली लालभडक चटणी पडतीय असा १५-२० सेकंदाचा व्हिडिओ टाका, तो आवाज ऐकला की माणूस निम्मा तिथंच येतो. सुट्टीच्या दिवसाची वेळ वेगळी असेल तर तीही भरा.

डंकवाला_पोरगा:
सगळ्यांचे मनापासून आभार. जुनं लिस्टिंग आत्तेभावाच्या ईमेलवर निघालं, त्यानं कधीतरी करून दिलेलं आणि आम्ही विसरलो होतो. त्याच्यावर ४१ रिव्ह्यू आहेत, आईला वाचून दाखवले, एकीनं लिहिलंय माझ्या सासूपासून आम्ही इथंच कांडतो, ते ऐकून ती किती वेळ गप्पच बसली. आता तिचं स्वतःचं ईमेल काढून मालकी तिच्या नावावर केली. पत्ता बदलला, पिन दारावर आणली, कॅटेगरी गिरणी केली, नवीन लिस्टिंग काढून टाकलं. कुलूप उघडतानाचा व्हिडिओ आईच्याच हातानं काढून पाठवलाय, उत्तर यायचंय. प्रोफाईलच्या परफॉर्मन्स पानावर लोक काय शब्द टाकून येतात ते दिसतं, त्यात मसाला कांडप खरंच आहे, वहिनींना सांगा.
पेठेतल्या जुन्या मालकांना विचारून त्या शटरवर नवीन पत्त्याचा बोर्ड पण लावून आलो. आणि त्या माणसाला नको म्हणून कळवलं.

बावड्याची_ताई:
बरं केलंत. आमच्या आईची सहा किलो मिरची उन्हात टाकलीय, रविवारी आणली तर चालेल का? कांदा-लसूण घालून पाहिजे, आणि सकाळी किती वाजता नंबर लावायचा?

डंकवाला_पोरगा:
या की ताई. रविवारी सातला चालू करतो. कांदा, लसूण, खोबरं घरनं तळून आणा, बाकी आई बघेल.