तेलकट चेहऱ्याला सनस्क्रीन: आधी आकडा बघायचा की आधी टेक्स्चर?

साईटवाली
मी डोंबिवलीला राहते, सिव्हिल इंजिनिअर आहे, गेली सहा वर्षं साईटवर. आत्ताची साईट भिवंडीकडे, रोजचे निदान चार तास उघड्यावर. चेहरा कॉलेजपासून तेलकट, कपाळ आणि नाक तर बारा वाजेपर्यंत असं तुपकट होतं की हेल्मेटच्या आतली पट्टी घसरायला लागते. तीन वर्षांपूर्वी स्किनच्या डॉक्टरांनी एसपीएफ 50 चं एक क्रीम लिहून दिलं, जाडजूड, लोण्यासारखं. ते लावलं की दहा मिनिटांत घाम, घामावर सिमेंटची धूळ, आणि संध्याकाळी तोंड धुतलं की बेसिनमध्ये राखाडी पाणी. मग काय व्हायचं, मी मटारच्या दाण्याएवढं घ्यायचे आणि तेच कपाळापासून हनुवटीपर्यंत पुरवायचे. दोन उन्हाळे असे गेले आणि उजव्या गालाच्या हाडावर वांग दिसायला लागला.

आता मी जेलसारखं मॅट लावते, एसपीएफ 30, पीए तीन प्लस (पीए म्हणजे चेहरा काळवंडवणारे यूव्हीए किरण किती अडवतं त्याची खूण, जितके प्लस तितकं जास्त). दोन बोटं भरून, चेहरा आणि गळा, रोज, एकही दिवस न चुकता, कारण ते लावल्यावर काही लावलंय असं वाटतच नाही. वांग गेला नाही पण वाढायचा थांबलाय.

तर माझं म्हणणं असं की सगळीकडे जे सांगतात, आधी एसपीएफ बघा, मग पीए बघा, चेहऱ्यावर कसं वाटतं ते सगळ्यात शेवटी, ते निदान तेलकट त्वचेच्या माणसासाठी उलटं आहे. जे पूर्ण मात्रेत लावलं जात नाही त्याच्या डबीवर 50 लिहिलेलं असो की 100, काय फरक पडतो? ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहा, मला खरंच ऐकायचंय.

कृष्णाकाठ
अगं, तुझ्या आईच्या वयाची असेन म्हणून एकेरी बोलते, राग मानू नकोस. आमच्याकडे कऱ्हाडला उसाच्या भांगलणीला बायका जातात, डोक्यावरून पदर, साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, तोंडाला टॉवेल गुंडाळलेला. मे महिन्यात सकाळी सात ते दुपारी एक. त्यांना कोण दोन बोटं मोजून देतं? उन्हापासून वाचायचं तर कापडासारखं दुसरं काही नाही, ते तुपकट होत नाही, धुतलं की परत वापरता येतं आणि दर दोन तासांनी लावावं लागत नाही. तुम्ही मुली जेल की क्रीम यावर भांडताय पण मूळ उपाय कपाटात घडी घालून ठेवलेला आहे. जेलच्या मागे लागायच्या आधी सुती स्कार्फ बांध.

साईटवाली
काकू, राग कसला. बसस्टॉपपासून साईटच्या गेटपर्यंत स्कार्फ असतोच माझा. पण आत गेल्यावर मिक्सर आणि लिफ्टजवळ लोंबतं कापड चालत नाही, सेफ्टीवाले लगेच काढायला लावतात आणि ते बरोबरच आहे. हेल्मेटच्या खाली जो चेहरा उघडा राहतो त्याचं काय करायचं, एवढाच माझा प्रश्न आहे.

औषधवाला नागपूर
मेडिकल स्टोअर चालवतो, बी.फार्म आहे, वीस वर्षं काउंटरवर उभा आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो. डबीवरचा एसपीएफचा आकडा काढताना दर चौरस सेंटीमीटरला 2 मिलिग्रॅम एवढा थर देतात. चेहऱ्याचा हिशोब केला तर साधारण एक ग्रॅम होतो, आणि दोन बोटांची जी पद्धत आहे ती तिथूनच आली. माणसं प्रत्यक्षात त्याच्या निम्मं, कधी पाव लावतात. निम्मं लावलं की संरक्षण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. म्हणजे ताईंचं मटारएवढं 50 हे त्यांच्या आत्ताच्या पूर्ण मात्रेतल्या 30 पेक्षा कमीच पडत असणार. पूर्ण मात्रेत 30 उन्हातले साधारण 97 टक्के यूव्हीबी किरण अडवतं आणि 50 साधारण 98 टक्के, एका टक्क्यासाठी लोक माझ्याशी हुज्जत घालतात. त्यामुळे टेक्स्चरच्या मुद्द्यावर मी ताईंच्या बाजूने.

पण पीएच्या बाबतीत मी त्यांच्या विरुद्ध आहे. एसपीएफ फक्त यूव्हीबीचं सांगतो, म्हणजे ज्याने चेहरा लाल होतो, सोलतो. वांग आणि काळवंडणं यात यूव्हीएचा हात मोठा, ती ढगातून येते, गाडीच्या बंद काचेतूनही येते, आणि तिच्यासाठी पीए बघायचा. ज्यांना वांग आहे त्यांनी चार प्लसच घ्यावं, आणि जमलं तर टिंट म्हणजे त्वचेसारखा हलका रंग असलेलं, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं. वांगाला नुसता यूव्ही नाही तर डोळ्याला दिसणारा उजेडसुद्धा बाधतो आणि तो साध्या पारदर्शक जेलने अडत नाही.

ओसाकातून
औषधवाले दादा, तुमच्या एका टक्क्यावर माझा आक्षेप आहे. किती अडवलं ते बघू नका, किती आत गेलं ते बघा. 30 मधून साधारण 3.3 टक्के आत जातं, 50 मधून 2 टक्के. म्हणजे 30 लावणाऱ्याच्या त्वचेवर दीडपटीहून जास्त पडतं, आणि उघड्यावर चार तास, वर्षाचे तीनशे दिवस म्हटलं की ही रक्कम साठत जाते. एसीत बसणाऱ्याला 30 पुरेल, साईटवरच्या बाईला नाही.

मी मूळची सांगलीची, नऊ वर्षं जपानमध्ये आहे. ही पीएची पद्धत इथलीच, 1996 साली सुरू झाली, तेव्हा तीन प्लसपर्यंतच होती, चौथा प्लस 2013 मध्ये आला. इथला जुलै-ऑगस्ट मुंबईसारखाच चिकट, आणि तरीही 50 आणि चार प्लसचं पाण्यासारखं पातळ सनस्क्रीन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळतं. त्यामुळे टेक्स्चर की आकडा ही निवडच मला मान्य नाही. दोन्ही मिळतं, भारतातही आता मिळतं, ताई तुम्ही 30 वर थांबलात ते मला घाई केल्यासारखं वाटतं.

साईटवाली
शोधायला बराच काळ घालवलाय मी, घाई नाही हो केली. 50 आणि चार प्लसची चार वेगवेगळी आणली, त्यातलं एक साईटवर डोळ्यात उतरलं आणि मी लेव्हल घेताना दहा मिनिटं डोळे चोळत बसले. एक असं पांढरट की सुपरवायझरने बरं नाही का विचारलं, माझा रंग सावळा आहे, त्यावर सनस्क्रीनमधल्या झिंक ऑक्साइडचा पांढरा थर राख फासल्यासारखा दिसतो. पण तुमचं आत गेलेल्या टक्क्यांचं गणित मी याआधी असं पाहिलं नव्हतं, ते डोक्यात राहील.

कोमल_त्वचा
मॅट मॅट करणाऱ्यांनी डबी उलटी करून मागची यादी वाचावी. त्या पातळ, झटकन वाळणाऱ्या सनस्क्रीनमध्ये बऱ्याचदा अल्कोहोल पहिल्या तीन-चार नावांत असतं, त्यानेच ते उडून जातं आणि कोरडं वाटतं. माझी त्वचा तेलकटच, पण नाकाशेजारी लाल व्हायची, असं एक मॅट सहा महिने लावलं आणि साबणसुद्धा झोंबायला लागला. तेलकट म्हणजे दणकट नव्हे. मी आता फक्त झिंक ऑक्साइडचं लावते, पांढरट तर पांढरट, निदान जळजळ नाही. आणि नॉन कॉमेडोजेनिक, म्हणजे त्वचेची छिद्रं न बुजवणारं, या शब्दावर तर विसंबूच नका, त्यासाठी कायद्याने ठरवून दिलेली अशी एक चाचणी नाहीये, कंपनी आपापल्या हिशोबाने लिहिते.

औषधवाला नागपूर
अल्कोहोलचं म्हणणं बरोबर आहे पण सगळं मॅट अल्कोहोलनेच होतं असं नाही. कित्येकांत सिलिका, स्टार्च किंवा सिलिकॉन असतं. सिलिका तेल पिऊन घेते, पण तिची पिण्याची ताकद संपली की चेहरा परत चमकतो, म्हणून सकाळी आठला मॅट असलेलं दुपारी एकला मॅट राहत नाही. ज्यांची त्वचा झोंबते त्यांनी सिलिकावालं बघावं. आणि झिंकवालं म्हणून आपोआप भरवशाचं असं समजू नका. ऑस्ट्रेलियात 2025 मध्ये चॉइस या ग्राहक संघटनेने 20 सनस्क्रीन तपासली, त्यातली 16 लेबलवरच्या एसपीएफपर्यंत पोचली नाहीत आणि 50 प्लस लिहिलेलं एक झिंकचं तर फक्त 4 भरलं.

पाटपन्हाळेकर
रत्नागिरी जिल्ह्यातून लिहितोय, बागायतदार आहे, मार्चपासून आंब्याच्या काढणीत दिवसभर कलमांखाली असतो. तुम्ही सगळे तेल तेल करताय पण आमच्याकडे चेहऱ्यावर जे चमकतं ते निम्म्याहून जास्त घाम असतो. नागपूरच्या कोरड्या उन्हात घाम उडून जातो, इथे हवेतच इतकं पाणी की तो सुकतच नाही, गळ्यावरून ओघळत राहतो. मॅट जेल मी लावून पाहिलं, पहिल्या दोन पेट्या भरेपर्यंत घामाबरोबर खाली, शर्टाच्या कॉलरला पांढऱ्या रेघा. म्हणजे ताईंनी दोन बोटं लावलं तरी अकरा वाजता त्यातलं चेहऱ्यावर किती उरलं हा प्रश्न आहेच की. मी वॉटर रेझिस्टंट लावतो, ते थोडं चिकट असतं, कातडीवर फिल्म धरल्यासारखं वाटतं, पण ती फिल्म आहे म्हणूनच ते टिकतं. उघड्यावर काम करणाऱ्याने चिकटपणा सोसावा असं माझं स्पष्ट मत. मॅट हे ऑफिसला जाणाऱ्यांसाठी.

साईटवाली
दादा तुमचा मुद्दा मला सगळ्यात जड वाटतोय, कारण डोंबिवली-भिवंडीची हवा तुमच्यासारखीच. मी अकराला आणि अडीचला परत लावते. आधी मलमलच्या रुमालाने घाम टिपून घेते, चोळत नाही, चोळलं की खालचा थर मळासारखे कण होऊन सुटतो. पण ते पुन्हा लावणंसुद्धा मला जेल असल्यामुळेच जमतं. ते चिकट क्रीम धुळीच्या चेहऱ्यावर दुसऱ्यांदा लावायची माझी कधी हिंमतच झाली नाही, सकाळचं एकदा लावलं की संपलं.

दुचाकीवर_दिवसभर
पुण्यात डिलिव्हरी करतो, चेहरा तेलकट, पिंपल्स पण आहेत. तुमची सगळ्यांची चर्चा वाचली, एक साधा हिशोब कोणीच मांडला नाही. मी घेतलेली ट्यूब 50 ग्रॅमची, 480 रुपये. एका वेळेला एक ग्रॅम, दिवसातून दोनदा म्हटलं तर 25 दिवस, ताईंसारखं तीनदा लावलं तर सतरा दिवसही पुरत नाही. महिन्याला आठ-नऊशे रुपये फक्त चेहऱ्याला, हात वेगळेच. माझ्या पेट्रोलच्या पैशातून हे निघणार नाही. म्हणून काकूंचं मला पटतं, मी फुल फेस हेल्मेट आणि हातात स्लीव्ह्ज घालतो, नाक आणि गालाला थोडंसं लावतो, बाकी देवावर. ज्याला परवडत नाही त्याला तुम्ही दोन बोटं सांगता तेव्हा तो सगळंच सोडून देतो, हे पण बघा.

औषधवाला नागपूर
भाऊ, तुमची बाजू रास्त आहे आणि माझ्या काउंटरवर रोज दिसते. हेल्मेटची पुढची काच पॉलिकार्बोनेटची असेल तर ती यूव्ही बऱ्यापैकी अडवते, फक्त ती खाली ओढलेली पाहिजे, सिग्नलला आणि गल्लीत सगळेच वर करतात. काच खाली, हात झाकलेले, मग उरलेल्या नाक-गालाला लावाल ते मात्र पातळ लावू नका. एवढ्या भागाला अर्धा ग्रॅम पुष्कळ होईल, ट्यूब दुप्पट चालेल. पावडर सनस्क्रीनच्या नादाला लागू नका, तेवढी पावडर चेहऱ्यावर बसवायची तर थापायलाच लागेल.

आणि सगळ्यांनाच सांगतो, कॉलरवर पांढऱ्या रेघा पडल्या तर त्या धुऊन जातात, पण गंजासारखे पिवळे-नारिंगी डाग पडले तर तो अवोबेन्झोन हा सनस्क्रीनमधला घटक आणि पाण्यातलं लोखंड यांचा खेळ आहे, बोअरच्या पाण्यात जास्त होतो. ब्लीच टाकू नका, डाग आणखी गडद होतो.

कृष्णाकाठ
हे डागांचं वाचून माझ्या सुनेचे दोन पांढरे कुर्ते आठवले, मी उगाच धोब्याला बोलले. तिलाही वांग आहे, बाळंतपणानंतर आला, शाळेत शिकवते, ग्राउंडवर उभी असते. तिला मी स्कार्फ बांध म्हणते, ती म्हणते मुलांना माझा चेहरा दिसला पाहिजे. माझं कापडाचं मत बदललेलं नाही, पण ते टिंटवालं काय म्हणालात ते तेलकट चेहऱ्याला चालतं का? तिचं कपाळ या साईटवालीसारखंच आहे.

औषधवाला नागपूर
चालतं काकू, जेल किंवा मूस प्रकारातलं बघायला सांगा, आणि शेड दुकानात हनुवटीच्या कडेला लावून उजेडात बघायचा, बऱ्याच कंपन्या एकच शेड काढतात आणि तो आपल्याकडच्या सावळ्या रंगाला गुलाबी दिसतो.

ओसाकातून
आणि खाली मॉइश्चरायझर नको काकू, तेलकट चेहऱ्याला सनस्क्रीनच पुरतं. दोन बोटं एकदम चोपडण्यापेक्षा एक बोट, पाच मिनिटं थांबून दुसरं, म्हणजे पांढरंही दिसत नाही आणि कण सुटत नाहीत. साईटवाली ताई, तुम्हीही 50 वर हेच करून बघा, तुमची ती चार कदाचित एकदम लावल्यामुळे फसली असतील.

साईटवाली
दोन थरात कधी लावलं नव्हतं, खरंच. त्या चारातलं एक वॉटर रेझिस्टंट 50, चार प्लसवालं अजून अर्धं शिल्लक आहे, तारीखही गेलेली नाही. सोमवारपासून सकाळचा हात त्याचा, दोन थरात, आणि अकरा-अडीचला माझं जेल. पाटपन्हाळेकर दादा, अकरा वाजता टिश्यू लावून बघते काय उरलंय ते आणि इथे लिहिते. मात्र पंधरा दिवसांत माझा हात परत मटारच्या दाण्यावर आला, तर मी जेलवरच राहणार, मग डबीवरचा आकडा काहीही असू दे.