माडावरची रुगोज पांढरी माशी: औषध द्यायचं का?

प्रश्न: सोसायटीत ६ माड आहेत. खालच्या झावळ्यांच्या पोटाला पांढऱ्या मेणाची चक्रं, वर काळी काजळी (बुरशी), खाली लावलेल्या गाड्या चिकट. माळी मुळातून इमिडाक्लोप्रिड (कीटकनाशक) द्या म्हणतो. द्यावं का?

उत्तर: अजिबात नको. ही मध्य अमेरिकेतली माशी, आपल्याकडे २०१६ मध्ये तमिळनाडू-केरळात सापडली. तिच्यामुळे माड सहसा मरत नाही. तिच्या पिल्लांत अंडी घालणारी एन्कार्सिया ग्वाडेलुपे ही इवलीशी गांधीलमाशी मात्र औषधाने मरते आणि पांढरी माशी पुन्हा उसळते. शिवाय शहाळी लोक पितात, हे कसं विसरता?

उत्तर: आधी एक पात काढून भिंगातून बघा. कोषावर टी आकाराची चीर असेल तर पांढरी माशी बाहेर पडली. गोल भोक असेल तर एन्कार्सिया. काळे पडलेले, म्हणजे आत एन्कार्सिया असलेले कोष दिसले तर ती पात जाळू नका, एन्कार्सिया नसलेल्या माडावर बांधा.

उत्तर: तोवर झावळ्यांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. प्रादुर्भाव फारच असेल तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल, पण आधी साबणाच्या पाण्यात घोटून. नाहीतर तेल वर तरंगतं आणि पंपातल्या शेवटच्या फवाऱ्याने पानं करपतात. काजळीसाठी लिटरला १० ग्रॅम स्टार्चची पातळ खळ शिजवून, गाळून फवारा. न गाळल्यास नोझल तुंबतो. कडक ऊन हवं, खळ वाळली की काजळीचे पापुद्रे सुटतात. पावसाळ्यात हा खटाटोप करू नका.