गणित टाळून क्वांटम सांगायचं, तर सुरुवात कुठून करू?

भिंगवाला: पुढच्या महिन्यात आमच्या वाचनगटात क्वांटमवर, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांसारख्या सूक्ष्म गोष्टींच्या भौतिकीवर, पाऊण तास बोलायचंय. बहुतेकांचा विज्ञानाशी संबंध शाळेपुरताच. मागच्या वेळी श्रोडिंजरच्या मांजरापासून (बंद पेटीतलं, उघडून बघेपर्यंत जिवंत आणि मेलेलं दोन्ही मानलेलं काल्पनिक मांजर) सुरुवात केली आणि तिथंच रुतलो. शेवटी एक काकू म्हणाल्या, "म्हणजे आपण बघेपर्यंत काही नसतंच ना?" मी मान डोलावली. डोलवायला नको होती. समीकरण नको, पण थापाही मारायच्या नाहीत. काय करू?

जुने मास्तर: मांजर राहू द्या. श्रोडिंजरने 1935 साली ते काढलं तेच मुळी 'बघा, असं मानलं तर कुठल्या कुठे जाऊन पोचतो' हे दाखवायला. मी पोलरायझरच्या, म्हणजे एकाच दिशेत थरथरणारा प्रकाश पलीकडे सोडणाऱ्या, तीन फिल्म नेतो. दोन फिल्म एकमेकींना काटकोनात धरल्या की पलीकडचा दिवा गडप. आता दोघींच्या मधे तिसरी तिरकी, 45 अंशांत सरकवा. दिवा परत दिसतो! अडथळा वाढवला आणि उजेड आला. तीच फिल्म दोघींच्या मागे किंवा पुढे धरा, अंधारच. फिल्म लोकांच्या हातात द्या आणि आपण गप्प बसा.

तिरकस: मास्तर, खेळ झकास, पण इथंच थांबलात तर ती क्वांटमच्या नावाखाली फसवणूक. प्रकाश म्हणजे नुसती लाट धरली तरी हे सुटतं. खरी गोम पुढे आहे. दिवा इतका मंद करा की एका वेळी एकच फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकच कण, यावा. पहिल्या फिल्ममधून आलेली लाट तिरक्या फिल्मशी अर्धी गाळली जाते, ठीक. फोटॉन अर्धा होत नाही. पलीकडचा फोटॉन टिपणारा डिटेक्टर 'टक्' करतो किंवा करत नाही, अर्धं टक् कधीच नाही. शंभरातले साधारण पन्नास पार होतील हे सांगता येतं, हाच होईल का ते नाही.

भिंगवाला: मग फोटॉनच्या पोटात आधीच काही ठरलेलं असेल, आपल्याला न दिसणारं?

तिरकस: आइनस्टाइनचाही ओढा तिकडेच होता. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलने 1964 साली दाखवलं, की तसं आधीच ठरलेलं असेल आणि एकाचा परिणाम दुसऱ्यावर तत्काळ होत नसेल, तर जोडीने निघालेल्या फोटॉनांच्या निकालांची जुळणी एका मर्यादेतच राहील. प्रयोगांत ती ओलांडली गेली. 2022चं भौतिकीचं नोबेल याच प्रयोगांना. आणि काकूंना सांगा, 'बघायला' डोळे लागत नाहीत. फोटॉन डिटेक्टरवर आदळून खूण उमटली की झालं, खोलीत कुणी नसलं तरी.

भिंगवाला: फिल्म मागवल्यात. तोवर लॅपटॉपच्या पडद्यासमोर पोलराइज्ड गॉगल फिरवला, एका कोनात पडदा काळाकुट्ट! मधे सेलोटेप तिरकी धरली तर तेवढीच पट्टी उजळली. तेच ना हे?

जुने मास्तर: नाही हो! सेलोटेप प्रकाश गाळत नाही, त्याचं ध्रुवणच, म्हणजे थरथरण्याची दिशाच, बदलते. दिसायला सारखं, कारण वेगळं. त्या दिवशी सेलोटेप घरीच ठेवा.