काटेरी पाम आणलाय, हा वेत आहे का?

मुलुंडचा_माळी:
मंडळी जरा मदत करा. इथल्याच एका नर्सरीतून पामचं छोटं रोप आणलं, नर्सरीवाला म्हणाला शोचं आहे, सावलीत चालतं. आता नवीन पान फुटलंय तर देठावर काटे आणि पानाच्या मधल्या शिरेला खालून उलटे आकडे, बायकोची ओढणी अशी अडकली की शेवटी कात्री लावावी लागली. सोसायटीतले एक काका म्हणतात हा वेत, खुर्च्या करतात तो. पण वेत म्हणजे बांबूसारखं काहीतरी ना? आणि असलाच तर बाल्कनीत जगेल का?

चहाबाज:
बांबूचीच जात असणार, काका बरोबर बोलतायत.

रानवेडी:
नाही हो चहाबाज, बांबू म्हणजे गवत आणि वेत माड-सुपारीच्या कुळातला. कांडं आडवं कापून बघा, बांबू बहुतेक पोकळ असतो, वेत आतून भरीव.
मुलुंडचा_माळी, फोटो नाही त्यामुळे छातीठोक सांगत नाही, पण उलटे आकडे म्हणजे कॅलॅमसची, म्हणजे वेताच्याच एका प्रजातीची शक्यता जास्त. जगात याच्या ४०० च्या वर जाती आहेत. लहान चणीचा आपल्याकडचा म्हणजे कॅलॅमस रोटँग, वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये नाव दिलेला, दक्षिण भारत आणि श्रीलंकेत सखल भागात ओढ्याकाठी, पाणथळ जागी जाळी करून वाढतो. रोप थोडं मोठं झालं की पानाच्या म्यानाजवळून (देठाचा खोडाला वेढणारा भाग) एक लांब चाबकासारखा दोर निघतो का बघा, त्यावर पण आकडे. तोच शेजारच्या झाडात अडकवून हा वर चढतो. काही जातींत हा चाबूक पानाच्या टोकालाच असतो, रोटँगमध्ये तसं नाही.

तिलारीकर:
आमच्या दोडामार्गाकडे ओहळाच्या कडेला वेताची जाळी आहे, आत शिरलात तर शर्ट तिथेच ठेवून यायचं 😄 काडी तोडली की वरचं काटेरी म्यान सोलायचं, मग आत गुळगुळीत वेत. बाहेरून मनगटाएवढा दिसणारा सोलल्यावर बोटाएवढा निघतो. आणि कृपा करून कोणी जंगलातून रोप उपटून आणू नका, नर्सरीचंच बरं.

मुलुंडचा_माळी:
चाबूक अजून नाही, नुसता पानांचा झुपका आहे, खोड दिसतच नाही. खुंटलंय का? खत घालू?

रानवेडी:
खुंटलं नाही, वेताची रोपं बरीच वर्षं अशीच बसून असतात. पामचं खोड वडा-आंब्यासारखं दरवर्षी जाड होत नाही, जेवढी जाडी व्हायची ती आधी जमिनीजवळच तयार होते आणि मगच लांबी सुरू. जंगलात तर वरचं एखादं झाड पडून उजेड आला की मग हे उठतात. त्यामुळे खताचा मारा नको, पालापाचोळ्याचं खत मूठभर पुरे. कुंडी खोल घ्या, माती ओलसर राहू दे पण चिखल नको. पावसाळ्यात आपल्या मुंबईत मजेत राहील, खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये, पश्चिमेची बाल्कनी असेल तर पानांची टोकं करपणार म्हणजे करपणार, तेव्हा आडोसा करा.

चहाबाज:
बरं चुकलं आमचं. फळं येतात का याला?

रानवेडी:
येतात, आणि फारच सुंदर, छोट्या बोराएवढी, वर सापाच्या कातडीसारखे खवले, खवल्यांची टोकं खालच्या बाजूला. पण नर झाड वेगळं मादी वेगळं, एकटं रोप असेल तर फळाची आशा सोडा. बी कुठे मिळालं तरी वाळवून डब्यात ठेवू नका, सुकलं की मेलं, गर काढून लगेच पेरायचं.

तिलारीकर:
आणि माळीबुवा, कुंडी कपडे वाळत घालायच्या दोरीपासून लांब ठेवा, नाहीतर घरचे त्या वेताचा दुसराच उपयोग करतील.