नवी रोड बाईक: सराव कुठून सुरू करू?

कोथरूडकर: नमस्कार मंडळी. हायब्रीडवर (सरळ हँडलची सायकल) ऑफिसला जातो-येतो, आता रोड बाईक घेतलीये. दमाचा प्रश्न नाही, चढ निघतात. पण हात दाखवायला हँडल सोडायची हिंमत होत नाही, मागे वळून पाहिलं की सायकल उजवीकडे सरकते आणि उतारावर ब्रेक दाबून बोटं भरून येतात. पुढे २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड) करायची फार इच्छा आहे. सराव कसा करू? क्लीट (बूट पेडलला अडकवणारी पट्टी) आत्ताच घेऊ का?

घाटवेडा: बीआरएमची घाई नको. २०० किमीला साडेतेरा तास मिळतात, दम असेल तर अंतर निघतं. घोडं अडतं ते सायकल हाताळण्यात. आधी रिकामं मैदान गाठा. कोपरं किंचित वाकवा, खांदे सैल सोडा, हँडलवर रेलू नका. डावा हात हँडलच्या मध्यावर, स्टेमला (हँडल सायकलला जोडणारा दांडा) चिकटून ठेवा, उजवा मांडीवर. आता मागे बघा. हात मध्याजवळ असला की अंग वळलं तरी हँडल फारसं ओढलं जात नाही. मैदानावर आखलेली रेघ असेल तर तिच्यावरून चालवत हेच करा. पाण्याची बाटली काढणं, हात दाखवणं यातूनच जमतं.

सासवडची_सून: उतारावर हात खाली ड्रॉपवर (हँडलच्या खाली वळलेल्या भागावर) घ्या, ब्रेकच्या लिव्हरवर पकड चांगली बसते आणि जोर कमी लागतो. तरी बोटं पुरत नसतील तर दुकानातून लिव्हर हँडलच्या जवळ आणून घ्या. बऱ्याच लिव्हरना त्यासाठी स्क्रू असतो, पण लहान हातांच्या माणसालाही कुणी हे आपणहून सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक सोडायचा. बाहेरचा पाय खाली, त्यावर वजन, नजर वळण जिथे संपतं तिथे. थांबवायचं मुख्य काम पुढचा ब्रेक करतो, नुसता मागचा करकचून दाबला तर चाक घसरतं.

पहिला घाट पुण्याजवळचा बोपदेव किंवा जुना कात्रज करा, तोही पहाटे. सिंहगड इतक्यात नको. उतार तीव्र, वळणं आंधळी आणि समोरून जीपगाड्या.

घाटवेडा: +१. सपाटीला खडकवासला, पण रविवारी चौपाटीची गर्दी व्हायच्या आत परता. ग्रुपमध्ये पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक कधीही आणू नका. चाकं घासली तर पडतो तो मागचाच. क्लीट सध्या नकोत, हे सगळं साध्या पेडलवर जमू द्या. मग एसपीडी (क्लीट अडकवायच्या पेडलचा एक प्रकार) घ्या, पकड सगळ्यात सैल ठेवा आणि सिग्नलच्या बऱ्याच आधी डावा पाय सोडवा.

कोथरूडकर: खूप आभार! माझे रिम ब्रेक (चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला घासणारे) आहेत. पावसाळ्यात काही वेगळं?

सासवडची_सून: हो. ओल्या रिमवर ब्रेक लगेच धरत नाही. जरा आधीपासून हलका लावून ठेवा, पाणी पुसलं गेलं की पकडतो. झेब्राचे पट्टे आणि गटारांची झाकणं सरळ ओलांडा, त्यांच्यावर वळू नका.