साखरपुडा समिती (फक्त घरचे)

माईआत्या: चिऊने अंगठीसाठी हिऱ्याऐवजी माणिक पसंत केल्याचे मला विहीणबाईंकडून कळले. घरात आधी सांगावेसे कोणालाच वाटले नाही, असो. माणिक हे रवीचे रत्न आहे. पत्रिका न दाखवता ते जन्मभर बोटात वागवायचे का, एवढेच विचारते.

बापूमामा: आत्याबाईंचा प्रश्न रास्त आहे. मात्र खड्याचे प्रमाणपत्र मिळणार आहे का?

चिऊ: आत्या, अजून काहीच ठरलेले नाही, आम्ही फक्त खडे पाहून आलो. मला रोज वापरता येईल अशी अंगठी हवी आहे. माणकाचा कठीणपणा मोह्स मापनावर (खनिजांच्या कठीणपणाची 1 ते 10 अशी पट्टी) 9 आहे आणि धुळीतल्या वाळूचा 7, त्यामुळे घरकामात त्यावर सहसा ओरखडे पडत नाहीत. पाचू आवडला होता, पण तो ठिसूळ म्हणून सोडला.

नानाकाका: हिरा 10 आहे, आणि 9 व 10 मधले अंतर कागदावर दिसते त्याहून कितीतरी मोठे असते. शिवाय माणिक वजनाला जड असल्याने एका कॅरटचा माणिक तेवढ्याच वजनाच्या हिऱ्यापेक्षा लहान दिसतो. आपल्या घराण्यात हिऱ्याचीच रीत आहे.

काकू: ही रीत माझ्या लग्नात कोठे गेली होती? मला मिळाला तो अमेरिकन डायमंड होता आणि तो वर्षभरात धुरकटला. चिऊ, तू माणिकच घे.

नानाकाका: येथे हा विषय अप्रस्तुत आहे.

बापूमामा: प्रमाणपत्राविषयी अद्याप उत्तर आलेले नाही. हॉलमार्क केवळ सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याबद्दल त्यातून काहीही कळत नाही, हे पुन्हा नम्रपणे नमूद करतो.

सुरतचा दादा: कारखान्यात वाढवलेल्या हिऱ्यांचे भाव येथे इतके उतरले आहेत की हिऱ्याच्या प्रतिष्ठेवर मी बोलणार नाही. पण कृत्रिम माणिकही शंभर वर्षांहून जुने आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वर्नय यांनी ते बनवण्याची पद्धत 1902 मध्ये जाहीर केली. त्यामुळे मामांचे म्हणणे टाळू नका.

चिऊ: मामा, टाळत नाही. भिंगातून पाहताना एका स्वस्त खड्यात गोल बुडबुडे दिसले आणि खडा तिरका केल्यावर आत निळसर झाक चमकली. त्याच्या भेगांत शिसेयुक्त काच भरली होती. अशा खड्याला लिंबाचा रसही बाधतो आणि अंगठीचे माप बदलताना सोनाराची आच लागली तर काच बिघडते, म्हणून तो परत ठेवला. आवडलेला खडा मोझांबिकचा असून रंग खुलवण्यासाठी फक्त तापवलेला आहे आणि तसे प्रमाणपत्रात लिहून मिळणार आहे.

माईआत्या: तापवलेला? आमच्या गुरुजींना न तापवलेलाच चालतो.

सुरतचा दादा: आत्या, बाजारातले बहुतेक माणिक तापवलेलेच असतात. त्याच रंगाचा न तापवलेला मागितला तर किंमत कितीतरी पट होते, आणि अंगठी तर वरपक्ष देणार आहे.

माईआत्या: मग गुरुजींना पुन्हा विचारून पाहते. तोवर विसार देऊ नका.

बापूमामा: प्रमाणपत्र स्वतंत्र प्रयोगशाळेचे आहे ना? दुकानाच्या छापील कागदाला मी प्रमाणपत्र मानत नाही.

चिऊ: स्वतंत्र प्रयोगशाळेचेच आहे, मामा. शनिवारी पुन्हा जाणार आहोत, ज्यांना यायचे असेल त्यांनी अवश्य यावे.

काकू: मी येते. माझ्या अंगठीत तो धुरकट खडा काढून माणिक बसवायला किती घडणावळ पडेल, हेही विचारून घेऊ.

नानाकाका: हा ग्रुप चिऊच्या साखरपुड्यासाठी आहे.