छोट्या लेथसाठी क्विक-चेंज टूल पोस्ट: ओएक्सए की एएक्सए?

खाडीकाठ (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. टेबलावर बसणारा लेथ (जॉब फिरवून कापणारं यंत्र) आहे. बेडवर स्विंग (मावणाऱ्या जॉबचा सर्वांत मोठा व्यास) 180 मिमी, दोन सेंटरमध्ये (जॉबची लांबी) 350 मिमी. कामं ठरलेली: होडीच्या इंजिनाचे गनमेटल बुश, स्टेनलेसच्या पिना, पंपाच्या शाफ्टची किरकोळ दुरुस्ती. सध्या मशीनबरोबर आलेला चौकोनी, चार टूल धरणारा फोर-वे टूल पोस्ट वापरतो. टूल बदललं की पत्र्याच्या पट्ट्या घालून टोक सेंटरच्या उंचीला जुळवा, यातच वेळ जातो.

क्विक-चेंज घ्यायचाय, म्हणजे टूल होल्डरसकट झटकन काढता-घालता येईल असा पोस्ट; ओएक्सए आणि एएक्सए ही त्याची लहान-मोठी मापं. ओएक्सए की एएक्सए? होल्डर आवळायची पद्धत पिस्टन की वेज? सेटमधले पाच होल्डर खरंच लागतात का? कंपाउंडवर (पोस्ट बसतो ती वरची स्लाइड) टी-स्लॉट नाही, एम10 चा (10 मिमी आट्यांचा) स्टड वर आलेला आहे. शेड खाडीला लागूनच आहे, त्यामुळे गंज धरूनच सांगा.

तेलकट_हात (चिपळूण)

आधी मोजा, मग अक्षरं बघा. एएक्सए साधारण 12 इंच स्विंगपर्यंतच्या लेथसाठी, ओएक्सए त्याखालच्या छोट्यांसाठी. तुमचा लेथ 7 इंची, म्हणजे कागदावर ओएक्सएच. पण खरा आकडा स्विंगचा नाही. कंपाउंडच्या वरच्या सपाटीपासून स्पिंडलच्या सेंटरपर्यंत उंची किती, तो आहे.

चकमध्ये एक रॉड धरून हलका कट मारा, म्हणजे तो नक्की गोल फिरेल. समजा तो 20 मिमीचा झाला. कंपाउंडपासून रॉडच्या माथ्यापर्यंत मोजा आणि त्यातून 10 वजा करा. आता होल्डरच्या टूल बसायच्या खाचेखाली किती जाड लोखंड आहे ते विक्रेत्याला विचारा. ही जाडी अधिक टूलची उंची, ही बेरीज तुमच्या आकड्यापेक्षा कमीच हवी. उंची 25 आणि खाचेखाली 11 असेल तर 10 चं टूल 21 वर येतं, होल्डरवरचा उंचीचा नट फिरवून 4 मिमी उचललं की काम झालं. 12 चं 23 वर, तेही चालेल. 16 चं मात्र 27 वर जाऊन बसेल. होल्डर वर उचलता येतो, कंपाउंडच्या आत घुसवता येत नाही. मोठा पोस्ट घेणारे नेमके इथेच अडकतात, आणि मग पोस्टचा तळ मिलिंग करून कमी करायला गाव शोधत फिरतात.

दुसरं म्हणजे ओव्हरहँग. पोस्ट जितका जाडजूड, तितकं टूलचं टोक स्टडपासून लांब. कट लागला की टोक खाली दाबलं जातं आणि तो सगळा दाब एवढ्याशा कंपाउंडच्या जिबवर (स्लाइडचा ढिलेपणा काढणारी पट्टी) येतो. स्टेनलेसवर लगेच थरथर सुरू होते, आणि सरफेसवर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी उमटते. एएक्सए भक्कम दिसतो खरा, पण तुमच्या मशीनवर भक्कमपणा कंपाउंडच्या पलीकडे जातच नाही.

आंबोली_टर्नर

वरच्याशी सहमत. पिस्टन-वेजबद्दल माझं मत.

पिस्टनमध्ये हँडल फिरवलं की एक गोल खुंटी बाहेर येऊन होल्डरला पोस्टपासून दूर ढकलते आणि होल्डर डव्हटेलच्या (तिरक्या कडांचा सांधा) उतारावर अडकतो. वेजमध्ये पाचर सरकते आणि होल्डर पोस्टच्या सपाट तोंडावर ओढला जातो. टेकायला जागा जास्त, म्हणून काढून पुन्हा लावल्यावर जवळपास त्याच ठिकाणी बसतो. फरक कळतो तो पार्टिंगला (जॉब कापून वेगळा करणं) आणि नर्लिंगला (पकडीसाठी खरबरीत नक्षी उठवणं). साध्या टर्निंगला पिस्टनने काही बिघडत नाही.

पैशांचा फरक थोडा असेल तर वेज घ्या. फरक मोठा असेल तर पिस्टन घ्या आणि उरलेल्या पैशांत जास्तीचे होल्डर. टूल होल्डरमधून काढावंच लागलं नाही तरच क्विक-चेंजचा उपयोग. ॲल्युमिनियमचा स्वस्त पोस्ट मात्र नको, डव्हटेलच्या कडा झिजतात.

होल्डरचे नंबर असे वाचा: 01 साधा टर्निंग-फेसिंगचा, 02 त्याच्याच तळाला गोल बारसाठी व्ही खाच, 04 भोक मोठं करणाऱ्या बोरिंग बारचा, 07 पार्टिंग ब्लेडचा, 10 नर्लिंगचा. तुमच्या कामाला 01 किंवा 02 चार, 04 एक, 07 एक. नर्लिंगचा होल्डर सेटमध्ये फुकट येत असेल तर येऊ द्या, पण एका बाजूने दाबणारं नर्लिंग 7 इंची लेथवर करू नका. क्रॉस स्लाइडच्या स्क्रूचा जीव जातो. दोन्हीकडून चिमटा धरणारं नर्लिंग टूल वेगळं मिळतं.

गनमेटलसाठी एक होल्डर कायमचा बाजूला ठेवा. त्यात एचएसएस (हाय-स्पीड स्टील) बिट, वरचा रेक (टूलच्या वरच्या तोंडाचा उतार) शून्य. स्टेनलेसचं धारदार रेकवालं टूल गनमेटलला लावलंत तर ते स्वतःच आत खेचलं जातं आणि बुश वाया जातो.

नारळीबाग (मालवण)

गंजाचं सांगतो. होल्डर काळे दिसतात म्हणून फसू नका. तो ब्लॅक ऑक्साइडचा थर तेल धरून ठेवण्यापुरता, तेल सुकलं की मिठाची हवा आत शिरलीच. आल्याबरोबर कारखान्याचं चिकट ग्रीस रॉकेलने धुवा आणि स्लाइडवेचं 68 नंबरचं तेल पुसून लावा. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं आणि डव्हटेल जाम करतं.

सगळ्यात आधी मरतात ते टूल आवळणारे, डोकं नसलेले ग्रब स्क्रू. सगळे काढा, आट्यांना ग्रीस लावा, परत बसवा. हे केलं नाही तर गणपतीपर्यंत एलन की आत गोल फिरायला लागते. होल्डर भिंतीवर उघडे टांगू नका. झाकणाच्या डब्यात किंवा छोटा बल्ब पेटता ठेवलेल्या कपाटात ठेवा. आणि घामाच्या हाताने धरलेला होल्डर पुसल्याशिवाय आत जाता कामा नये.

जुना_फिटर (कुडाळ)

विकत घेण्याआधी विचार करा. फोर-वेमध्ये चार टूल एकदा सेट करून प्रत्येकाच्या पट्ट्या त्यालाच तारेने बांधून ठेवल्या तर निम्मा त्रास संपतो. किंवा नॉर्मन पद्धतीचा पोस्ट घरी करा: एक गोल खांब, त्यावर भोक पाडून उभा चिरलेला चौकोनी ठोकळा, आवळायला एक बोल्ट. ठोकळा वरखाली होतो, हवा तसा फिरतो. माइल्ड स्टीलमध्ये होतो, डव्हटेल कापावी लागत नाही. काढून लावल्यावर कोन दरवेळी नव्याने जुळवावा लागतो, एवढाच तोटा.

खाडीकाठ (रत्नागिरी)

व्हय महाराजा! मोजलं. कंपाउंड ते सेंटर 24.5 मिमी. म्हणजे ओएक्सए, 10 ची टूल्स. पोस्टचं भोक एम10 पेक्षा मोठं असलं तर?

तेलकट_हात (चिपळूण)

बुश करा. बाहेरून पोस्टच्या भोकात सरकेल असा, आतून 10 मिमीला मोकळा. लांबी पोस्टच्या उंचीपेक्षा अर्धा मिमी कमी ठेवा, नाहीतर नट बुशलाच आवळेल आणि पोस्ट फिरत राहील. वर जाड वॉशर.

जुन्या फोर-वेखाली स्प्रिंगवर उभी राहणारी खुंटी असली तर ती काढा, नाहीतर नवा पोस्ट सपाट बसणार नाही. कंपाउंडवरची बर (वर आलेली धातूची कड) ऑइल स्टोनने घासा, मार्किंग ब्लू लावून पोस्ट ठेवून बघा. रंग कडांना लागला तर उत्तम, फक्त मध्ये लागला तर पोस्ट डुलणार.

सेंटर जुळवायला टूलचं टोक आणि गोल रॉड यांच्यामध्ये 6 इंची स्टीलची पट्टी हलकेच दाबा. पट्टीचं वरचं टोक तुमच्याकडे कललं तर टूल खाली आहे, पलीकडे कललं तर वर. उभी राहिली की उंचीचा नट लॉक करा. त्या होल्डरमध्ये तेच टूल राहील तोवर पुन्हा हात लावायला नको. धार लावून बिट बुटकं झालं तर मात्र परत बघावं लागेल.

पार्टिंगला 2 मिमीच्या आतलं ब्लेड, जॉबच्या त्रिज्येपेक्षा जेमतेम जास्त बाहेर, कॅरेज लॉक, आणि कट चकच्या जितका जवळ घेता येईल तितका.